पिल्लू घरात रुळताना: पहिल्या रात्रीपासून दात पडेपर्यंत

कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं ते आठ आठवड्यांचं झाल्यावर, त्याआधी नाही. दातांचा जोर किती लावायचा हे ते आई आणि भावंडांच्या कुस्तीत शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो आणि त्याचे वळ पुढे कित्येक महिने घरच्यांच्या हातावर दिसतात.

आम्ही बरीच वर्षं पिल्लं सांभाळून नव्या घरांत देत आलोय. पहिल्या पंधरवड्यात घरोघरी येणाऱ्या तक्रारी जवळजवळ सारख्याच असतात: रात्री रडतं, घरभर शू करतं, सगळ्यांना चावतं. प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा यातलं काहीतरी सापडतं: पिल्लाची झोप पुरी झालेली नाही, त्याच्यावर कुणाची नजर नाही, किंवा घरातली चार माणसं त्याच्याशी चार तऱ्हांनी वागताहेत. पिल्लाच्या स्वभावात खोट क्वचितच असते.

म्हणून पहिलं काम पिल्लू येण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. सोफ्यावर चढू द्यायचं की नाही? कोणत्या खोलीत जाऊ द्यायचं? सकाळी सहाला उठून त्याला बाहेर कोण नेणार आणि दुपारी कोण? जेवताना ताटातलं कुणी काही द्यायचं नाही, हे आजी-आजोबांसकट सगळ्यांना मान्य आहे का? शब्दही ठरवून घ्या. एकाचं ‘उतर’, दुसऱ्याचं ‘खाली’ आणि तिसऱ्याचं ‘ए, नको’ हे पिल्लाला तीन वेगळे आवाज वाटतात आणि त्यातला एकही त्याच्या डोक्यात बसत नाही. ठरलेलं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. सोफ्यावर चढायला सोमवारी परवानगी आणि मंगळवारी ओरडा, याचा त्या जिवाला अर्थच लागत नाही.

सुरुवातीला सगळं घर मोकळं सोडू नका. माणसांच्या वावरातली, पुसायला सोपी अशी एक खोली किंवा कोपरा निवडा आणि तिथे लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक किंवा घडीचं कुंपण लावा. गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात, तेव्हा चालण्याच्या वाटेवर न घसरणारी चटई टाका. मग स्वतः गुडघ्यांवर बसून खोली बघा. त्या उंचीवरून चार्जरची वायर, पलंगाखाली पडलेली गोळी, पडद्याची दोरी, चपला, केराची टोपली असं सगळं तोंडाशी येतं. गॅलरीच्या गजांतून डोकं जात असेल तर बाकीचं अंगही जातं. तिथे जाळी लावा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) घातलेलं च्युइंगगम किंवा टूथपेस्ट हे सगळं कुत्र्यांना विषारी आहे. ते उंचावर ठेवा, आणि पाहुण्यांची पर्सही. गोळ्यांचं पाकीट आणि च्युइंगगम बहुतेक तिथेच असतं. कुंडीत कण्हेर किंवा सायकस असेल तर ती हलवा.

क्रेट, म्हणजे पिल्लाचा दार असलेला जाळीचा पिंजरा, घ्यायचा की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. आमचं मत घ्यावा असंच आहे, पण तो झोपायची जागा म्हणून वापरायचा, शिक्षा म्हणून कधीच नाही. पिल्लाला उभं राहता, गिरकी घेता आणि पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे, त्याहून मोठा नको. फार ऐसपैस असेल तर ते एका टोकाला शू करून दुसऱ्या टोकाला झोपतं, आणि झोपायची जागा कोरडी ठेवण्याच्या त्याच्या उपजत सवयीचा आपल्याला काही उपयोग होत नाही. वाढणाऱ्या जातीचं पिल्लू असेल तर मध्ये आडोसा लावता येणारा मोठा क्रेट घ्या. पहिल्या दिवशी दार उघडंच ठेवा, खाण्याचा वाडगा आत ठेवा, अधूनमधून खाऊचा तुकडा आत टाका आणि त्याला आपल्या पायांनी आत-बाहेर करू द्या. ते आत झोपायला लागलं की मगच दार लावायचं, आधी थोडा वेळ, आणि आपण शेजारीच बसायचं.

आणायला सकाळी जा, म्हणजे रात्र व्हायच्या आत घराचा वास त्याच्या ओळखीचा होतो. निघताना तीन गोष्टी विचारून घ्या: सध्या काय खातंय आणि किती वेळा, जंताचं औषध कधी दिलं, लस कोणती झाली. आईच्या अंथरुणातलं एखादं फडकं मिळालं तर जरूर आणा. गाडीत बहुतेक पिल्लांना मळमळतं, म्हणून निघण्याआधीच्या दोन-तीन तासांत खायला देऊ नये आणि टॉवेल जवळ ठेवावा. घरी पोचल्यावर आधी शू करायच्या जागी न्या, मग आत. त्या दिवशी शेजारीपाजारी आणि नातेवाईक बघायला येऊ नयेत, हे जरा स्पष्ट सांगावं लागतं; पण सांगाच.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना चार गोष्टी शिकवायच्या. पिल्लाला उचलायचं नाही. मांडीवर घ्यायचं असेल तर आधी स्वतः जमिनीवर बसायचं, कारण मुलांच्या हातून निसटलेल्या पिल्लांचे पाय मोडतात. ते झोपलेलं किंवा खात असताना हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, तोंडाला तोंड लावायचं नाही. आणि ते चावायला धावलं तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. पळणाऱ्या मुलाच्या पँटचं टोक पकडणं हा पिल्लाच्या दृष्टीनं सर्वांत मजेचा खेळ असतो. मोठं माणूस त्याच खोलीत नसेल तर दहा वर्षांखालचं मूल आणि पिल्लू यांना एकत्र सोडू नये. कितीही गरीब पिल्लू असलं तरी आम्ही यात सूट देत नाही.

पहिली रात्र. आजवर ते एकदाही एकटं झोपलेलं नसतं. कायम चार-पाच अंगांच्या उबेत झोपलेल्या जिवाला स्वयंपाकघरात दार लावून ठेवलं की ते कोकलणारच. ‘रडू द्या, दोन रात्रींत गप्प होईल’ हा सल्ला आम्हाला मुळीच पटत नाही. गप्प होतं ते थकून, आणि त्या जागेची धास्ती मात्र मनात राहते. अशी पिल्लं पुढे एकटं राहायला शिकताना फार त्रास घेतात. क्रेट किंवा टोपली आपल्या पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडला की पोचेल इतकी जवळ. आईच्या वासाचं फडकं आत ठेवा. झोपायच्या आधी शू करवून आणा. दिवा बंद केल्यावर ते कुईकुई करेल. बोटं जाळीला लावा, हळू आवाजात दोन शब्द बोला, बहुतेक पिल्लं थोड्या वेळात पडतात.

रात्रीचं रडणं ओळखायला कान लागतो. झोपताना लगेच सुरू झालेली कुरकुर सोबतीसाठी असते. तीन-चार तास गाढ झोपून अचानक उठलेलं पिल्लू आत गोल फिरत रडत असेल तर त्याला शू लागलेली असते. अशा वेळी लगेच उचला, मोठा दिवा न लावता, न बोलता ठरलेल्या जागी न्या, शू झाली की हळूच शाबासकी द्या आणि थेट परत क्रेटमध्ये ठेवा. तिथे खेळवलंत, लाड केलेत, तर पहाटे तीनचा खेळ रोजचा होतो. आठ आठवड्यांच्या पिल्लासाठी रात्री एकदा, कधी दोनदा उठावं लागतं. घरात दोघं असतील तर आळीपाळी लावा. आठवडाभर शांत झोप लागली की टोपली रोज थोडी थोडी दूर, म्हणजे पलंगापासून दाराकडे आणि दारापासून तिच्या कायमच्या जागेकडे सरकवा.

शू-शीचं वळण हा सर्वांत जास्त चिकाटी मागणारा भाग. मोजायचं सूत्र असं: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं म्हणजे तीन तास. पण ही कमाल मर्यादा दिवसा झोपलेल्या पिल्लाची. जागं आणि खेळणारं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासातही शू करतं. म्हणून झोपून उठलं की लगेच, खेळ थांबला की लगेच आणि खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत न्यायचं. पोटात अन्न पडलं की आतड्याला चालना मिळते, त्यामुळे खाण्यानंतरची वेळ सहसा चुकत नाही.

लागण्याआधी पिल्लू सांगतं, फक्त आपलं लक्ष हवं. खेळता खेळता ते मध्येच खेळणं सोडतं. नाक जमिनीला टेकतं, एका रेषेत हुंगत जातं, मग वर्तुळ लहान होत जातं आणि मागचा भाग किंचित खाली येतो. नाक टेकल्यापासून खाली बसेपर्यंत आपल्याकडे जेमतेम काही क्षण असतात. म्हणून पिल्लू जागं असेल तेव्हा एकानं फक्त त्याच्याकडे बघायचं. ‘आपण सगळेच बघतोय’ याचा अर्थ कुणीच बघत नाही. कुणाला वेळ नसेल तर ते कुंपणात किंवा क्रेटमध्ये.

जागा एकच ठेवा आणि तिथे उभं राहून एकच शब्द म्हणा. खाऊ खिशातच हवा, कारण शू झाल्याबरोबर तिथल्या तिथे मिळालेला तुकडाच पिल्लाला कळतो. घरात परत येऊन डब्यातून काढून दिलेला खाऊ त्याच्या हिशेबी घरात येण्याचा असतो. शाबासकीची घाईही करू नका; मध्येच कौतुक ऐकून पिल्लू अर्धवट सोडून धावत येतं आणि उरलेली शू घरात करतं. पाच मिनिटं उभं राहून काही झालं नाही तर घरात आणून मोकळं सोडायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं मांडीवर किंवा क्रेटमध्ये ठेवून पुन्हा न्यायचं. आणि झाल्यावर लगेच आत वळू नका. दोन मिनिटं खेळा, नाहीतर शू केली की मजा संपते असं ठरवून हुशार पिल्लू धरून ठेवायला शिकतं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना दर वेळी खाली उतरणं जमत नाही. गॅलरीत कृत्रिम किंवा खऱ्या गवताचा ट्रे ठेवला तर वर्तमानपत्रापेक्षा बरं पडतं, कारण पायाला गवत लागण्याची सवय पुढे बाहेरही उपयोगी येते. शोषून घेणारे पॅड वापरणार असाल तर खोलीतली पायपुसणी आणि लहान गालिचे काही महिने उचलून ठेवा. पायाला दोन्ही सारखंच मऊ लागतं.

घरात झालीच तर करतानाच दिसल्यास टाळी वाजवून थांबवा, उचला, जागेवर न्या. नंतर सापडली तर गप्प पुसून टाका. नाक घासणं, ओरडणं, फटका मारणं या जुन्या उपायांनी पिल्लू ‘घरात करू नये’ हे शिकत नाही, ‘माणसांसमोर करू नये’ हे शिकतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर आपण पट्टा धरून उभे असताना करतच नाही. पुसायला एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. नुसत्या पाण्यानं आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या जात नाही. अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास लघवीच्या जवळचा असतो. सगळं नीट करूनही दर दहा मिनिटांनी थेंब थेंब होत असेल, जोर लावावा लागत असेल किंवा रंग लालसर दिसला तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तिथे वळण लावून भागत नाही, डॉक्टरच हवेत.

चावण्याबद्दल बोलताना आधी झोपेचं बोलायला हवं. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं. गजबजलेल्या घरात त्याला तेवढी झोप मिळत नाही, कारण कुणी ना कुणी उचलतंच. संध्याकाळी सात-आठला वेड्यासारखं धावणारं, डोळे तांबारलेलं, दिसेल ते चावणारं पिल्लू ‘फार एनर्जी आहे’ म्हणून आणखी खेळवलं जातं आणि आणखी बिघडतं. ते पेंगुळलेलं असतं. साधारण तासभर जागं आणि दोन तास झोप, असा दिवस बांधून बघा. मंद उजेडात चावायचं खेळणं देऊन क्रेटमध्ये ठेवलं की असं पिल्लू बहुतेक वेळा काही मिनिटांत झोपी जातं.

उरलेलं चावणं वयाचं आहे. हात तोंडात आला की झटका देऊन ओढू नका. हलतं ते पकडायचं, हे त्याच्या अंगात आहे. हात सैल सोडा, दुसऱ्या हातानं लांब दोरीचं खेळणं समोर हलवा. तरीही सोडत नसेल तर न बोलता उठा, फाटकाच्या पलीकडे वीस-तीस सेकंद उभे राहा आणि परत या. असं दर वेळी, घरातल्या प्रत्येकानं. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं याने काही पिल्लं बुजतात आणि काही उलट चिडून अंगावर येतात. हातांशी कुस्ती खेळणारा एक काका किंवा दादा प्रत्येक घरात असतो. त्याला थांबवल्याशिवाय लहान मुलांचे हात सुटत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात. पहिला आठवडा आधीचंच खाणं द्या. बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन. फार लहान चणीच्या जातींची पिल्लं खूप वेळ उपाशी राहिली तर रक्तातली साखर उतरून थरथरतात, लडखडतात; त्यांचं एकही खाणं चुकवू नका. गायी-म्हशीचं दूध देऊ नका, बहुतेक पिल्लांना जुलाब होतात. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, ती टोकदार फुटतात. पाणी दिवसभर समोर हवं. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं चुकीचं आहे. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस असतात. पुन्हा पुन्हा द्यायचं कारण असं की आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. रेबीजची लस स्थानिक नियमांप्रमाणे, साधारण तीन महिन्यांच्या सुमारास. जंताचं औषध आठ आठवड्यांपर्यंत पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेत. गोलकृमी आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे ‘पिल्लू स्वच्छ घरातलं आहे’ हे कारण चालत नाही. या जंतांची अंडी माणसांनाही बाधतात. शी उचलल्यावर आणि खेळून झाल्यावर मुलांचे हात साबणानं धुवा.

आता पेच. लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका असं सांगितलं जातं, आणि पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो हे खरं आहे. पण जगाची ओळख करून घ्यायचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. अमेरिकेत बार हार्बर इथे झालेल्या आणि 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसांच्या संपर्काविना वाढलेली पिल्लं नंतर माणसाळवणं फार कठीण गेलं. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अॅनिमल बिहेविअर या संस्थेनंही 2008 च्या निवेदनात पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी पिल्लांच्या वर्गाला न्यायला हरकत नाही असं म्हटलंय. आम्ही मधला मार्ग घेतो. अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्यायचं: वाहनं, छत्री उघडणारा माणूस, टोपीवाला, चाकाची खुर्ची, शाळेतून सुटलेली मुलं. लांबून दाखवायचं, खाऊ द्यायचा, परत. शेपूट पायांत गेली, तोंड फिरवलं, जांभया आणि ओठ चाटणं सुरू झालं, खाऊ घेईना, तर अंतर वाढवा. घरात मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, प्रेशर कुकर यांचे आवाज दुसऱ्या खोलीतून सुरू करा. रोज मिनिटभर पंजे, कान, तोंड हाताळा, म्हणजे नखं कापताना आणि तपासणीच्या टेबलावर झटापट होत नाही.

एकटं राहणंही पहिल्याच आठवड्यापासून शिकवायचं. भरवलेलं, शू करवलेलं पिल्लू कुंपणात चघळत बसलं की खोलीबाहेर जा आणि ते रडायच्या आत परत या. आधी काही सेकंद, मग मिनिटं. जाता-येता निरोपाचे लाड नकोत. सुट्टी काढून अख्खा महिना सोबत राहणाऱ्या आणि मग एका सोमवारी आठ तास बाहेर जाणाऱ्या घरांत सर्वांत जास्त दारं कुरतडली जातात.

घरात आधीचं मोठं कुत्रं असेल तर पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी करा आणि वाडगे कायम वेगळे ठेवा. मोठ्यानं गुरगुरून पिल्लाला हटकलं तर मोठ्याला रागावू नका. तो इशारा आहे आणि तो हवा. मांजर असेल तर तिला पिल्लू पोचणार नाही अशी उंच जागा द्या आणि पहिले काही आठवडे पिल्लाच्या गळ्यात हलका पट्टा-दोरी राहू द्या. गळ्यातला पट्टा दोन बोटं जातील इतकाच सैल असावा. पिल्लू भराभर वाढतं, म्हणून दर आठवड्याला बोटं घालून बघा.

थांबून चालणार नाही अशा खुणा: वारंवार उलट्या, रक्त किंवा घाण उग्र वास असलेली पातळ शी, हिरड्या गुलाबीऐवजी पांढरट, उठायला तयार नसणं, दोन वेळचं खाणं नाकारणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, तेव्हा आपल्या हाताला पिल्लू गरम लागणं म्हणजे ताप नव्हे. थर्मामीटरनं गुदद्वारातून बघा, 103 च्या वर असेल तर डॉक्टरांना कळवा. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत कमी होतं, सकाळपर्यंत वाट बघू नका. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला देऊ नका.

चौथ्या महिन्याच्या सुमारास सगळं सुरळीत झालंय असं वाटत असतानाच कुरतडणं पुन्हा वाढतं. दुधाचे 28 दात पडून 42 कायमचे येऊ लागतात. पीळ देऊन भिजवलेलं, फ्रीजरमध्ये गोठवलेलं जाड फडकं या दिवसांत आराम देतं. अंगठ्याचं नख रुतत नाही इतकी कडक चघळायची वस्तू देऊ नका, दात फुटतात. अपघात न होता महिनाभर गेला की घरातली एकेक खोली उघडा, दोन एकदम नको. सुळ्यांवर लक्ष ठेवा. कायमचा सुळा वर आलाय आणि दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा आहे असं दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. तो काढावा लागला तर नसबंदीच्या भुलीतच काढून घेता येतो का, हे त्याच भेटीत विचारा.